नवशिक्याने बुद्धिबळात पुढे कसे जावे? ओपनिंग पाठ करावे, की आधी दुसरे काही?

कोपऱ्यातला हत्ती (धागाकर्ता)

नमस्कार. लहानपणी आजोबांनी बुद्धिबळ शिकवले होते, पण पुढे शिक्षण आणि नोकरी यांत पट माळ्यावर गेला. आता चाळिशीत पुन्हा खेळू लागलो आहे. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर दहा मिनिटांचे डाव खेळतो आणि गुणांकन हजाराच्या आसपास बराच काळ अडकून पडले आहे. इटालियन, सिसिलियन आणि लंडन या तिन्ही ओपनिंगचे (डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक चालींचे) व्हिडिओ मी मन लावून पाहिले आहेत, आणि खरे सांगायचे तर पहिल्या सात-आठ चालींपर्यंत माझी स्थिती बहुधा चांगलीच असते. त्यानंतर मात्र कधी घोडा, कधी उंट असा एखादा मोहरा फुकट जातो आणि डाव हातातून निसटतो. माझे प्रश्न असे आहेत की, रोज तासभर वेळ मिळत असेल तर तो कशावर घालवावा, ओपनिंगचा अभ्यास वाढवावा का, आणि शिक्षकाशिवाय या वयात प्रगती होऊ शकते का?

कृष्णाकाठ

आपल्या प्रश्नाचे उत्तर आपण स्वतःच चौथ्या-पाचव्या वाक्यात दिलेले आहे. सात-आठ चालींपर्यंत स्थिती चांगली असते आणि नंतर मोहरा फुकट जातो, याचा अर्थ उणीव ओपनिंगमध्ये नाही. आपण हरलेले अलीकडचे डाव उघडून प्रत्येकात मोहरा नेमका कोणत्या चालीला गेला तेवढेच पाहा. माझा अंदाज असा की, त्यांपैकी बहुतेक चालींच्या वेळी आपण स्वतःच्या बेताचा विचार करत होतात आणि समोरच्याने आत्ताच काय खेळले याचा विचार केलेला नव्हता. हजार गुणांकनाच्या पातळीवर डाव फार क्वचित कोणी जिंकतो. बहुतेक वेळा दुसरा तो देऊन टाकतो.

म्हणून पहिली सवय अशी लावून घ्यावी की, समोरच्याची चाल झाल्यावर आपल्या चालीचा विचार सुरू करण्याआधी त्या चालीने पटावर काय बदलले ते शोधायचे. तो मोहरा आता कोणत्या घरांवर मारा करतो, त्याने सोडलेल्या घरामुळे कोणती रेषा किंवा कर्ण उघडा पडला, आणि आधी तो ज्याचे रक्षण करत होता ते आता उघडे पडले का, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. त्यानंतर आपली चाल मनात ठरली की ती खेळण्यापूर्वी एकदा पट समोरच्याच्या डोळ्यांनी पाहायचा. त्याला कोणता शह देता येतो, काय मारता येते आणि पुढच्या चालीला कसली धमकी देता येते, एवढे तपासायचे. हे ऐकायला इतके सोपे वाटते की कोणीही ते गांभीर्याने घेत नाही.

सगळ्यांना ठाऊक असलेले उदाहरण घेऊ (घराच्या नावात अक्षर म्हणजे उभी पट्टी आणि आकडा म्हणजे आडवी; नुसते घर लिहिले तर चाल प्याद्याची; आधी पांढऱ्याची चाल येते, मग काळ्याची, आणि तीन टिंबांनंतरची चाल काळ्याची). १. ई४ ई५ २. वजीर एच५ घोडा सी६ ३. उंट सी४, आणि आता काळा ३... घोडा एफ६ खेळतो. चाल अगदी शिस्तीची आहे, कारण मोहरा बाहेर आला, वजिरावर हल्ला झाला आणि किल्लेकोटाचीही (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजा सुरक्षित करण्याची) तयारी झाली. तरी ४. वजीर एफ७ वरचे प्यादे मारतो आणि मात होते. काळ्याने ओपनिंगचे सर्व नियम पाळले होते, फक्त उंट सी४ वर का आला हे विचारले नव्हते. ते विचारले असते तर ३... जी६ ही चाल आपोआप सुचली असती, आणि ४. वजीर एफ३ नंतर घोडा एफ६ खेळून तीच चाल सुरक्षितपणे करता आली असती. चार चालींतली ही मात सगळे टाळायला शिकतात, पण तिच्यामागची चूक पुढे विसाव्या आणि तिसाव्या चालीलाही तशीच होत राहते.

तिरपा उंट

कृष्णाकाठ यांच्याशी मी बराचसा सहमत आहे, तरी ओपनिंगला असे वाऱ्यावर सोडणे मला पटत नाही. डावाची सुरुवात जर आपल्याला परिचित असेल तर घड्याळातली मिनिटे वाचतात, आणि ती पुढे जिथे खरा विचार करायचा आहे तिथे कामी येतात. धागाकर्त्यांची अडचण अशी दिसते की त्यांनी तीन ओपनिंगांचे व्हिडिओ पाहिले, पण एकाचेही कारण समजून घेतले नाही. पांढऱ्या बाजूने एक, ई४ विरुद्ध एक आणि डी४ विरुद्ध एक, एवढे धरून ठेवावे आणि वर्षभर बदलू नये. इटालियनमध्ये उंट सी४ वर जातो तो एफ७ या घराकडे पाहण्यासाठी, कारण डावाच्या सुरुवातीला त्या घराचे रक्षण एकटा राजा करत असतो. हे ज्याला कळले त्याला दहा चाली पाठ करण्याची गरज राहत नाही आणि समोरच्याने पुस्तकाबाहेरची चाल केली तरी तो गडबडत नाही.

अडीच घरे

धागाकर्त्यांनी आजोबांचा उल्लेख केला म्हणून लिहितो. त्यांनी शिकवलेले नियम कदाचित देशी पद्धतीचे असतील. आमच्या लहानपणी घराघरांत तीच पद्धत होती. तिच्यात प्यादे सुरुवातीलाही एकच घर पुढे जाई, किल्लेकोट नसे, त्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्यासारखे अडीच घरे जाता येई, आणि प्यादे शेवटच्या घरात पोहोचले की ते ज्या उभ्या पट्टीतले त्या पट्टीचा मोहरा होई. नियम गावोगावी थोडेफार बदलत. अशा पद्धतीत मोहरे एकमेकांना भिडायलाच वेळ लागे, त्यामुळे ओपनिंग पाठ करण्याचा प्रकार नव्हता आणि सगळा कस डावाच्या मध्यात आणि शेवटी लागे.

याच संदर्भात मीर सुलतान खान यांचे नाव घ्यावेसे वाटते. पंजाबातला हा माणूस देशी बुद्धिबळावर वाढला आणि आंतरराष्ट्रीय नियम त्याने नंतर शिकले. ओपनिंगच्या ज्ञानात तो युरोपीय खेळाडूंच्या मागेच होता, तरीही त्याने १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत माजी जगज्जेत्या कापाब्लांकालाही हरवले. फिडेने (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने) त्याला २०२४ मध्ये मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला. सुरुवातीच्या चालींत कमी पडणारा खेळाडू कुठवर जाऊ शकतो, याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

तिरपा उंट

अडीच घरे यांचे उदाहरण मोठे आहे, पण ते इथे लागू पडते असे वाटत नाही. सुलतान खान असामान्य प्रतिभेचा होता. ओपनिंग न शिकता तो जिंकला म्हणून आपणही जिंकू, असा अर्थ त्यातून निघत नाही. उलट त्याला सुरुवातीला वाईट स्थितीतून डाव ओढून आणावा लागे, आणि ते आपल्यासारख्यांना झेपणारे नाही.

अडीच घरे

मान्य. मी एवढेच म्हणतो की ज्या तासाची वाटणी करायची आहे त्यातला ओपनिंगचा वाटा सर्वांत लहान असावा.

वैनगंगा

मी नागपुरात मुलांना बुद्धिबळ शिकवते. जुलै २०२५ मध्ये आमच्या शहरातल्या दिव्या देशमुखने बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टरही झाली. तेव्हापासून चौकशीला येणारे पालक पहिला प्रश्न कोणते ओपनिंग शिकवता, हाच विचारतात, म्हणून हा धागा वाचून बरे वाटले. मी नव्या विद्यार्थ्यांना सुरुवातीचे काही महिने ओपनिंगबद्दल फक्त चार गोष्टी सांगते. मधली घरे प्याद्यांनी धरा, घोडे आणि उंट बाहेर काढा, लवकर किल्लेकोट करा, आणि वजीर घाईने फिरवू नका. बाकी सर्व वेळ कोड्यांना आणि सावकाश खेळलेल्या डावांना देते.

कोड्यांबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे, त्यावर थोडे सविस्तर लिहिते. मोबाईलवर लोक मिनिटाला चार-पाच कोडी सोडवतात आणि त्यालाच सराव समजतात. पहिली चाल बरोबर वाटली की खेळायची, चुकली तर दुसरी करून पाहायची, असे केल्याने बोट चालते पण डोळा तयार होत नाही. कोडे समोर आल्यावर पटाला हात न लावता समोरच्याच्या प्रत्येक संभाव्य उत्तरासह संपूर्ण ओळ मनात पुरी करावी, आणि मगच पहिली चाल खेळावी. उत्तर चुकले तर समोरच्याची कोणती चाल आपल्याला दिसली नाही ते पाहावे. अशी दहा कोडी रोज पुरतात. सुरुवातीला विषयवार सोडवावीत. एक आठवडा फक्त फोर्क, म्हणजे एका मोहऱ्याने एकाच वेळी दोघांवर केलेला हल्ला. पुढे पिन, ज्यात मधला मोहरा हलला तर मागचा राजा किंवा वजीर उघडा पडतो. मग स्क्यूअर, ज्यात पुढचा मोठा मोहरा हलला की मागचा मारता येतो, आणि मग पुढचा मोहरा बाजूला झाल्यावर मागच्याचा मारा उघडणे. शेवटच्या आडव्या पट्टीवरची मात मात्र पहिल्याच आठवड्यात शिकावी, कारण किल्लेकोट केलेल्या राजापुढची तिन्ही प्यादी जागची न हलवता हत्तीला भलतीकडे पाठवणे हा नवशिक्यांचा आवडता उद्योग आहे.

दुसरे असे की, कोड्यात काहीतरी सापडणार हे आधीच माहीत असते, पण डावात तसे कोणी सांगत नाही. म्हणून डावाचा वेळ वाढवणे आवश्यक आहे. दहा मिनिटांऐवजी पंधरा मिनिटे आणि प्रत्येक चालीला दहा सेकंदांची वाढ, असा एक डाव रोज खेळावा. तीन मिनिटांचे डाव गमतीचे असतात, पण त्यांत कृष्णाकाठ यांनी सांगितलेली सवय लागणे अशक्य आहे, कारण तेवढा विचार करायला वेळच नसतो आणि माणूस जुन्या चुकाच अधिक वेगाने करायला शिकतो.

कोपऱ्यातला हत्ती

सर्वांचे मनापासून आभार. आजोबांचे नियम देशीच होते हे अडीच घरे यांनी बरोबर ओळखले. एन पासां (शेजारी दोन घरे पुढे आलेले प्यादे तिरपे जाऊन मारणे) हा प्रकार मला मोबाईलवर पहिल्यांदा दिसला तेव्हा ॲप बिघडले असेच वाटले होते. कृष्णाकाठ यांच्या सांगण्यावरून हरलेले डाव पाहिले, आणि त्यांचा अंदाज बहुतेक डावांत खरा ठरला. आता आणखी दोन शंका. डाव संपल्यावर संगणक लगेच चुका दाखवतो, तेवढे पाहणे पुरेसे नाही का? आणि एंडगेमचा (थोडेच मोहरे उरल्यावरच्या शेवटच्या टप्प्याचा) अभ्यास या पातळीवर खरोखर करावा का? माझे बहुतेक डाव तिथवर पोहोचतच नाहीत.

कृष्णाकाठ

संगणकाबद्दल सांगतो. स्टॉकफिश हा बुद्धिबळ खेळणारा संगणक-प्रोग्रॅम फुकट आहे आणि जगातल्या कोणत्याही माणसापेक्षा चांगला खेळतो, त्यामुळे त्याचे उत्तर बरोबर असणारच. अडचण अशी की तो फक्त उत्तर देतो. अठराव्या चालीला आपण चुकलात हे तो लाल खुणेने दाखवतो, परंतु त्या चालीला आपल्या मनात काय चालले होते हे त्याला ठाऊक नसते, आणि दुरुस्त करायची गोष्ट तीच असते. म्हणून डाव संपल्यावर प्रथम संगणक बंद ठेवून स्वतः तो डाव चालून पाहावा. कुठे अडखळलो, कुठे समोरच्याची चाल अनपेक्षित वाटली, कुठे दोन चालींमध्ये निवड करता येईना, या ठिकाणी एकेक वाक्य लिहावे. त्यानंतर संगणक लावून ती टिपणे पडताळून पाहावीत. काही डावांची टिपणे जमली की त्यांत तीच-तीच वाक्ये पुन्हा येऊ लागतात. माझ्या ओळखीच्या एका मुलाच्या वहीत 'घोड्याची मागे येणारी चाल दिसली नाही' असे इतक्या वेळा लिहिले होते की, पुढे आम्ही त्याला केवळ घोड्याच्या माघारीची कोडी दिली.

शक्य असेल तर हे समोर बसून खेळलेल्या डावानंतर प्रतिस्पर्ध्यासह करावे. आमच्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळे गावाला बुद्धिबळाचे वळण लागले, आणि पाच वेळा राष्ट्रीय महिला अजिंक्यपद मिळवणाऱ्या भाग्यश्री साठे-ठिपसे याच गावच्या. अशा मंडळात डाव झाल्यावर 'तू ही चाल का केलीस' असे विचारणारा कोणीतरी शेजारी असतो. शिक्षक परवडत नसेल तर असा सोबती शोधावा, वयाचा संकोच बाळगू नये. दहा वर्षांच्या मुलाने हरवले तर त्यालाच विचारावे. मुले याबाबतीत मोठ्यांपेक्षा उदार असतात.

अडीच घरे

एंडगेमचे उत्तर मी देतो, कारण तो माझा आवडता विषय आहे. आपले डाव तिथवर पोहोचत नाहीत हे खरे, पण वीसच मोहरे उरले असताना एखादी अदलाबदल करावी की नाही, हे ठरवायला शेवटी काय उरेल ते माहीत असावे लागते. कापाब्लांकाही अभ्यास एंडगेमपासून सुरू करावा असेच सांगत असे.

हे फक्त नवशिक्यांना लागू आहे असे समजू नका. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूर येथे गुकेश आणि तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन यांच्यात जगज्जेतेपदाचा चौदावा आणि अखेरचा डाव झाला. दोघांचे गुण साडेसहा-साडेसहा होते. पांढऱ्या डिंगकडे हत्ती, उंट आणि एक प्यादे होते, तर गुकेशकडे हत्ती, उंट आणि दोन प्यादी. ही स्थिती नीट सांभाळली तर बरोबरीची होती. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर आणून हत्तींची अदलाबदल देऊ केली. गुकेशने हत्ती मारला, डिंगच्या राजाने तो परत घेतला, आणि मग गुकेशने उंट डी५ वर आणला. डिंगचा उंट ए८ या कोपऱ्यात होता आणि त्याला उंटांची मारामारी टाळता येईना. पटावर फक्त राजे आणि प्यादी उरली, आणि तिथे एका प्याद्याची आघाडी निर्णायक ठरली. तीन चालींत डिंगने डाव सोडला आणि अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. कोपऱ्यातला उंट हत्ती नसताना अडकतो, हे त्या एका क्षणी जगज्जेत्याच्या नजरेतून सुटले.

आपण सुरुवातीला एवढेच शिकावे. राजा आणि वजीर, तसेच राजा आणि हत्ती यांनी एकट्या राजावर करायची मात चुकता येऊ नये. त्यानंतर राजा आणि एक प्यादे विरुद्ध एकटा राजा. लुसेना आणि फिलिडोर या हत्तींच्या स्थिती पुढच्या वर्षी घेतल्या तरी चालतील. प्याद्याच्या एंडगेमसाठी एक प्रश्न देतो. पांढरा राजा ई४, पांढरे प्यादे ई३, काळा राजा ई६, चाल पांढऱ्याची. निकाल काय? आणि सगळे तसेच ठेवून प्यादे ई३ ऐवजी ई२ वर असते तर? संगणक लावू नये.

तिरपा उंट

प्रश्न सुटेपर्यंत स्पर्धांबद्दल थोडे लिहून ठेवतो, कारण केवळ मोबाईलवर खेळणाऱ्यांना पहिल्या स्पर्धेत भलत्याच गोष्टी नडतात. तिथे हात लावलेला मोहरा हलवावाच लागतो. किल्लेकोट करताना आधी राजाला हात लावावा; आधी हत्तीला लावला तर त्या चालीला त्या बाजूचा किल्लेकोट करता येत नाही. नियमबाह्य चाल केली तर मोठ्या वेळेच्या डावात पहिल्यांदा प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे मिळतात आणि दुसऱ्यांदा डाव जातो. चाली लिहाव्या लागतात, म्हणून घरी आधी लिहिण्याची सवय करावी.

गुणांकनावरून निराश होऊ नये. लिचेसवर नव्या खेळाडूला सुरुवातीलाच १५०० दिले जातात, इतर संकेतस्थळांची मोजपट्टी वेगळी आहे, आणि फिडेने मार्च २०२४ पासून आपल्या गुणांकनाची किमान पातळी १००० वरून १४०० वर नेली. त्यामुळे हे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात काही अर्थ नाही.

कोपऱ्यातला हत्ती

जुना पट माळ्यावरून काढून त्यावर अडीच घरे यांचा प्रश्न मांडला. माझे उत्तर असे. प्यादे ई३ वर असताना बरोबरी होते, कारण राजे समोरासमोर आहेत आणि चाल पांढऱ्याची आहे. त्याचा राजा डी४ वर गेला तर काळा डी६ वर जातो, एफ४ वर गेला तर एफ६ वर. प्यादे ई२ वर असताना पांढरा १. ई३ खेळतो आणि तीच स्थिती येते, मात्र आता चाल काळ्याची असल्याने त्याला वाट सोडावी लागते. १... राजा डी६ २. राजा एफ५ राजा ई७ ३. ई४ आणि पांढरा जिंकतो.

अडीच घरे

पहिले उत्तर पूर्ण बरोबर, दुसऱ्यातली कल्पनाही बरोबर. परंतु तिसरी चाल पुन्हा तपासावी. तिथे काळ्याकडे काय आहे?

वैनगंगा

माझ्या एका विद्यार्थिनीने याचे उत्तर दिले, ते तिच्या वतीने लिहिते. ३. ई४ नंतर काळा ३... राजा एफ७ खेळतो आणि आता राजे समोरासमोर असून चाल पांढऱ्यावर आली आहे. ४. राजा ई५ राजा ई७ झाले की पुढे वाट नाही. ४. ई५ राजा ई७ ५. ई६ खेळले तर ५... राजा ई८ ६. राजा एफ६ राजा एफ८ ७. ई७ शह, राजा ई८, आणि ८. राजा ई६ नंतर काळ्याला शह नाही आणि चालही नाही, म्हणजे स्टेलमेट, अर्थात बरोबरी. म्हणून तिसऱ्या चालीला प्याद्याला हात न लावता ३. राजा ई५ खेळावे. मग काळा डी७ वर गेला तर पांढरा एफ६ वर, आणि काळा एफ७ वर गेला तर पांढरा डी६ वर जातो. प्यादे ई३ वरच थांबते, आणि राजाने पुढची घरे ताब्यात घेतल्यावरच ते निघते.